जलदूत स्टेशनात आल्यानंतर: लातूरच्या २०१६ च्या पाणीटंचाईचं प्रकरण

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून ‘जलदूत’ या रेल्वेगाडीने पाणी आणलं गेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाघिणींवर हार घातलेले फोटो अजूनही फिरतात. त्या गाडीने नेमकं किती पाणी आणलं, ते स्टेशनापासून घरातल्या पिंपापर्यंत कसं गेलं आणि वाटेत कुठे कुठे अडलं, याचा हिशोब मात्र फारसा कुणी मांडत नाही. टंचाईच्या कामात असलेल्या प्रत्येकाने तो एकदा कागदावर करून पाहावा, म्हणून हे प्रकरण.

आधी शहराची गरज. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या ३,८२,९४० होती. २०१६ पर्यंत ती अर्थातच वाढली होती. जुनाच आकडा धरला आणि शहरासाठीचा १३५ लिटर दरडोई दर लावला, तर रोजची गरज ५ कोटी १७ लाख लिटर होते. एवढं पाणी लातूरला चांगल्या वर्षातही मिळत नव्हतं, ते सोडा. वर्षाची बेरीज होते सुमारे १९ दलघमी. (एक दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर, अर्थात १०० कोटी लिटर.)

आता धरण. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात धनेगावला असलेल्या मांजरा धरणाची एकूण क्षमता सुमारे २२४ दलघमी. त्यातला उपयुक्त साठा सुमारे १७७, मृतसाठा (नेहमीच्या दारांच्या पातळीखाली राहणारं पाणी) ४७. म्हणजे नुसता मृतसाठा भरलेला असेल, तरी कागदावर लातूरची दोन वर्षं आरामात निघतात. मग धरणाचा तळ उघडा कसा पडला?

पहिलं कारण पावसाचं. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं मराठवाड्याचा पावसाळी पाऊस सरासरीपेक्षा साधारण ४० टक्के कमी झाला, आणि त्याआधी २०१२ चा दुष्काळ होऊन गेलेलाच होता. धरणात येवाच, म्हणजे वरून वाहून येणारं पाणीच नाही. दुसरं कारण बाष्पीभवन. मराठवाड्यात उघड्या पाण्यावरून वर्षाला दीड ते दोन मीटर पाणी उडून जातं. धरण उतरलं की उरलेलं पाणी उथळ आणि पसरट होतं. दहा चौरस किलोमीटरवर पसरलेलं असं पाणी वर्षभरात १५ ते २० दलघमी गमावतं, म्हणजे लातूरच्या वर्षाच्या गरजेएवढं. त्यामुळे ‘मृतसाठा राखून ठेवू, उन्हाळ्यात वापरू’ हा विचार दिसतो तेवढा सुरक्षित नाही. राखलेल्या पाण्यातलं बरंचसं ऊन पिऊन टाकतं.

तिसरं कारण सगळ्यांना माहीत असतं, पण बैठकीत ते सगळ्यात शेवटी येतं. या धरणावर एकटं लातूर नाही. अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब, लातूरची एमआयडीसी, शिवाय लाभक्षेत्रातली शेती आणि जलाशयाच्या काठाकाठाने बसवलेल्या मोटारी आहेत. मांजरा खोऱ्यात साखर कारखान्यांची दाटी आहे. पाटपाण्याने उसाला हेक्टरी वर्षाला २० ते २५ हजार घनमीटर पाणी लागतं, म्हणजे एक दलघमीत जेमतेम शंभर-सव्वाशे एकर ऊस. हे गुणोत्तर लक्षात ठेवा, खाली ते पुन्हा लागेल.

साठा उणे झाला, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली गेलं, की ते संपण्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचणंच अवघड होतं. जॅकवेलचं (धरणातलं पाणी उपसायच्या विहिरीचं) तोंड कोरडं पडतं आणि पाणी दूर खड्ड्यांत उरतं. मग पोकलेनने जॅकवेलपर्यंत चर खणायचा किंवा तराफ्यावर पंप ठेवून चरात पाणी सोडायचं. चर खणताना उतार चुकला, तर मध्येच डबकं होतं. आठवड्याने चराच्या कडा ढासळतात आणि गाळ थेट जॅकवेलमध्ये जातो. येणारं पाणी इतकं गढूळ असतं की तुरटीची मात्रा दुप्पट-तिप्पट करावी लागते. पंपाचा इंपेलर (आतलं फिरतं चक्र) वाळूने झिजतो तो वेगळाच. मृतसाठ्यातला शेवटचा हिस्सा हिशोबात धरायचाच नाही, तो गाळ समजायचा.

मार्च २०१६ पर्यंत शहराचं नळाचं पाणी जवळजवळ बंद झालं होतं. टँकर भरायच्या जागा, टाक्या आणि विहिरींभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनाने कलम १४४ खाली जमावबंदी लावली. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांवर चालणाऱ्या शिकवणी वर्गांनी मुलांना घरी पाठवायला सुरुवात केली. डोंगरगावचा बंधारा, निम्न तेरणाचं माकणी अशा आजूबाजूच्या स्रोतांतून जे मिळेल ते आणलं जात होतं.

अशात गाडी आली. राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये टाकीच्या वाघिणी वाफेने धुऊन मिरजेला पाठवल्या गेल्या. मिरजेत कृष्णेचं पाणी रेल्वेच्या हैदरखान विहिरीतून घेतलं गेलं. तिथून स्टेशनापर्यंतची नवी पाइपलाइन पूर्ण व्हायची होती, म्हणून सुरुवातीला दहाच वाघिणी भरायच्या ठरल्या. प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटरची खेप. पहिली गाडी ११ एप्रिलला मिरजेहून निघाली आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद करत सुमारे ३४० किलोमीटर कापून १२ एप्रिलच्या पहाटे लातुरात पोहोचली. बार्शी लाइट रेल्वेची ही जुनी नॅरोगेज वाट ब्रॉडगेज होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. ते काम रखडलं असतं, तर ‘जलदूत’ धावलीच नसती. पाइपलाइन झाल्यावर २० एप्रिलपासून ५० वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी सुरू झाली. ऑगस्टमध्ये बंद होईपर्यंत १११ फेऱ्या झाल्या आणि सुमारे २६ कोटी लिटर पाणी आलं.

२६ कोटी लिटर म्हणजे ०.२६ दलघमी. १३५ लिटरच्या हिशोबाने शहराची पाच दिवसांची गरज. वरच्या उसाच्या गुणोत्तराने पाहिलं, तर तीसेक एकर उसाचं एका वर्षाचं पाणी. गाडीला कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. पाच लिटर पिण्याचं पाणी मिळणं आणि न मिळणं यातला फरक लातूरकर जाणतात. पण धरणावरच्या वाटपाचा निर्णय सहा महिने आधी घट्ट झाला असता, तर हे एवढंच पाणी ३४० किलोमीटरवरून आणायची वेळ आली नसती, हे आकडे पाहिल्यावर नाकारता येत नाही.

गाडीचा प्रवास तसा सरळ होता. रेल्वेला वेळापत्रक पाळायची सवय असते. खरी ओढाताण लातूर स्टेशनाच्या पुढच्या पाच किलोमीटरांत होती.

गाडी थांबली की ५० वाघिणी शक्य तितक्या लवकर रिकाम्या करायच्या असतात, कारण तोच रेक (वाघिणींचा अख्खा संच) परत मिरजेला जाऊन भरायचा असतो. वाघिणीच्या बुडाशी निचऱ्याचा व्हॉल्व्ह असतो. त्याला होज जोडून पाणी गुरुत्वाने आडव्या मुख्य पाइपात, तिथून साठवणीत सोडायचं. लातुरात स्टेशनाजवळची मोठी विहीर यासाठी ताब्यात घेतली होती. इथे तीन गोष्टी घोळ घालतात. वाघिणीचं वरचं झाकण उघडलं नाही, तर आत निर्वात होऊन धार मंदावते आणि ‘पाइप तुंबला’ म्हणून माणसं खाली शोधत बसतात. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले, तर मुख्य पाइप भरतो आणि लांबच्या वाघिणींची धार अडून बसते. म्हणून आठ-दहाच्या गटाने उघडायचे. होजच्या जोडावरची गळती तिसरी. दोन टक्के गळती कुणाच्या डोळ्यात भरत नाही, पण २५ लाखांचे दोन टक्के म्हणजे ५० हजार लिटर, अख्खी एक वाघीण. गॅस्केट आणि क्लॅम्प दुप्पट संख्येने हाताशी ठेवणं हा या कामातला सगळ्यात स्वस्त उपाय.

विहिरीतून पाणी शुद्धीकरण केंद्रात न्यायचं, तिथून वाटपाला. २५ लाख लिटर दहा हजार लिटरच्या टँकरने हलवायचं म्हणजे २५० खेपा. एका टँकरच्या दिवसाला चार खेपा धरल्या तर साठहून जास्त टँकर एका टप्प्याला लागतात. खेपा चारच का, तर घरापाशी वेळ जातो म्हणून. लातुरात घरटी साधारण २०० लिटर, आठवड्या-आठ दिवसांनी, अशी वाटपाची पद्धत होती. दहा हजाराच्या टँकरमध्ये ५० घरं. होज ओढायचा, पिंप भरायचं, वहीत सही घ्यायची, पुढच्या दारात जायचं: घरामागे चार मिनिटं धरली तरी तीन तास वीस मिनिटं. भरायला अर्धा तास, जाण्यायेण्याला अर्धा. एका पाळीत दोनच खेपा बसतात, चार करायच्या तर दुसरी पाळी हवी. हा वेळ वाचवायचा सोपा मार्ग म्हणजे गल्लीच्या तोंडाशी पाच हजार लिटरच्या प्लास्टिक टाक्या ठेवून त्यांना चार-चार तोट्या बसवणं. टँकर पंधरा मिनिटांत मोकळा होतो. मात्र टाकीला रांग लागते, आणि रांगेत म्हातारी माणसं, रोजंदारीवर जाणाऱ्या बायका मागे पडतात. दारात दिलेलं पाणी जास्त न्याय्य, टाकीतलं जास्त वेगवान. दोन्ही एकदम मिळत नाही. वेळ कमी असताना टाकी निवडावी, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसांची घरं, बाळंतिणी आणि एकटी म्हातारी माणसं यांची यादी करून त्यांच्याकडे वेगळा छोटा टँकर पाठवावा.

दवाखान्यांचा कोटा सुरुवातीलाच बाजूला काढावा लागतो. डायलिसिसच्या एका बैठकीला मिनिटाला अर्धा लिटरप्रमाणे चार तासांत १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. ते आरओमधून काढताना तेवढंच किंवा जास्त पाणी बाहेर जातं. म्हणजे एका रुग्णाला एका वेळी अडीचशे-तीनशे लिटर कच्चं पाणी, एका घराच्या आठवड्याच्या वाट्यापेक्षा जास्त. बाहेर जाणारं ते पाणी फरशी आणि संडासासाठी टाकीत धरता येतं.

शुद्धीकरण केंद्राची अडचण वेगळीच असते आणि ती बाहेरून दिसत नाही. केंद्र कोट्यवधी लिटरसाठी बांधलेलं असतं आणि येतं २५ लाख, तेही तुकड्यातुकड्याने. निवळणी टाकीत प्रवाह बंद-चालू झाला की बसलेला गाळ पुन्हा उठतो. तुरटी ५० मिलिग्रॅम दराने धरली तर २५ लाख लिटरला १२५ किलो लागते, पण डोस पाण्याच्या पंपाच्या वेगाला धरून आधीच लावून ठेवलेला असतो, त्यामुळे पंप थांबला तरी तुरटीची धार चालू राहते आणि पाणी तुरट, आम्लधर्मी होतं. त्याहून मोठी उधळपट्टी वाळूच्या फिल्टरच्या धुण्यात. चौरस मीटरला मिनिटाला ६०० लिटर, दहा मिनिटं. ३० चौरस मीटरचा फिल्टरचा एक बेड धुवायला १ लाख ८० हजार लिटर. साडेतीन वाघिणी एका धुण्यात गटारात! म्हणून अशा वेळी एक किंवा दोनच बेड चालवायचे, बाकीचे बंद ठेवायचे, आणि धुण्याचं पाणी टाकीत निवळवून पुन्हा सुरुवातीला सोडायचं.

आता २०० लिटर घरात आलं. पाच माणसांच्या घरात आठ दिवस म्हणजे माणशी रोज पाच लिटर. एप्रिलच्या उन्हात अडीच-तीन लिटर प्यायलाच लागतं, उरलेलं स्वयंपाकाला. अंघोळ, भांडी, धुणं, संडास या सगळ्यासाठी ‘वापराचं’ पाणी म्हणजे बोअरचं किंवा विकतच्या टँकरचं. इथून आजार घरात शिरतात. पिण्याचं पाणी निर्जंतुक आहे, पण ताटली, हात आणि बाळाची बाटली बोअरच्या किंवा कुठल्याशा खदानीच्या पाण्याने धुतलेली आहे. जुलाबाचे रुग्ण वाढले की टँकरचं पाणी तपासतात, वापराचं तपासत नाहीत. क्लोरीन दोन्हींत टाकायचं, हाच नियम ठेवावा.

मात्रा सोपी आहे. दहा हजार लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन म्हणजे २० ग्रॅम. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरमध्ये ताजी असताना ३३ टक्के क्लोरीन असतं, उन्हात उघड्या पोत्यात ते झपाट्याने उतरतं. २५ टक्के धरून ८० ग्रॅम घ्यावी. प्लास्टिकच्या बादलीत कालवायची, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा, वरची निवळी टँकर भरायला सुरुवात झाल्यावर ओतायची, म्हणजे आपोआप घुसळली जाते. भरून झाल्यावर वरून मूठभर पावडर भिरकावणं ही सर्रास दिसणारी पद्धत. त्यात वरचं पाणी झोंबतं आणि खालचं कोरंच राहतं. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून शिल्लक क्लोरीनची तपासणी. नळीतलं पाणी फिकट पिवळं झालं पाहिजे. वापरणाऱ्याच्या भांड्यात किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावं. टँकरच्या तोंडाशी मिळालेला पिवळा रंग पुरेसा नाही, पन्नासाव्या घरातल्या पिंपात तो मिळाला पाहिजे.

आणि मिळाला, तरी तो एक-दोन दिवसांत जातो. बेचाळीस अंश उष्णता, उघडं पिंप, रोज बुडणारा तांब्या. तिसऱ्या दिवसापासून त्या पाण्याला संरक्षण नसतं, म्हणून घरी वापरायच्या क्लोरीनच्या गोळ्या (अर्ध्या ग्रॅमची एक, २० लिटरला) टँकरबरोबरच वाटाव्यात. पिण्यापुरतं पाणी रोज कळशीत काढून त्यात गोळी, आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं.

आठ दिवसांच्या पाळीतला दुसरा धोका डासांचा. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उन्हाळ्याच्या गरमीत अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. पाळी आठ दिवसांची असली की त्याला अगदी सोयीचं. शिवाय पुढच्या टँकरचा भरवसा नसल्यामुळे कुणीही तळातलं पाणी फेकून पिंप कोरडं करत नाही, उरलेल्यावरच नवं भरून घेतं. ‘कोरडा दिवस पाळा’ असं सांगून इथे काही होत नाही. टँकर यायच्या सकाळी उरलेलं पाणी बादलीत काढून वापरायला घ्यायचं, पिंपाची आतली बाजू पाण्याच्या रेषेजवळ घासायची (अंडी तिथेच चिकटलेली असतात) आणि पातळ कापड सुतळीने घट्ट बांधायचं, इतकं सांगितलं तर लोक करतात.

टंचाईत बोअरचं पेव फुटतं. मराठवाड्याखाली काळा बेसाल्ट आहे. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत राहतं, आणि त्याची साठवण दगडाच्या एकूण आकारमानाच्या एक ते तीन टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. सातशे-आठशे फुटांवर लागलेलं पाणी अनेकदा आठवडाभरात आटतं, कारण ती एक भेग तेवढीच होती. राज्याच्या भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रांत ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे आणि सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आहे. उन्हाळ्यात बोअरच्या गाड्या रात्री फिरतात, त्या यामुळेच.

२०१६ च्या पावसाळ्याअखेर मांजरा धरण भरलं. महिनोन्महिने कोरड्या राहिलेल्या जलवाहिन्यांत पाणी परत सोडणं हेही एक कामच असतं. रबरी गॅस्केट सुकून आकसलेल्या असतात, गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात आणि गळक्या जोडांतून गटाराचं पाणी आत मुरलेलं असतं. एकदम पूर्ण दाब दिला तर हवा अडकून पाइप फुटतो. म्हणून आधी हवा बाहेर सोडणारे एअर व्हॉल्व्ह तपासायचे, मग थोड्या दाबाने एकेक झोन भरायचा, शेवटच्या टोकाचा स्कावर व्हॉल्व्ह (पाइप धुऊन काढायचा) उघडून लाल पाणी जाऊ द्यायचं, नंतर जास्त क्लोरीनचं पाणी रात्रभर पाइपात धरून सकाळी सोडून द्यायचं. पहिले दोन-तीन दिवस घरांतल्या टुल्लू मोटारी बंद हव्यात. कमी दाबाच्या लाइनवर मोटार लावली की ती पाइपात ओढ निर्माण करते आणि गटारातलं पाणी जोडांतून थेट आत येतं.

पुढे लोकवर्गणीतून साई ते नागझरी या टप्प्यात मांजरा नदीचं पात्र खोल-रुंद करण्यात आलं. बंधाऱ्यांमागची साठवण त्याने वाढली. पण २०१९ च्या उन्हाळ्यात मांजरा पुन्हा मृतसाठ्यात होतं. पाऊसच न आल्यावर खोल केलेल्या पात्रात भरणार काय?

तेव्हा जुलै-ऑगस्ट नव्हे, १५ ऑक्टोबरचा साठा हा या सगळ्याचा कळीचा आकडा. त्या दिवशी धरणात असलेल्या पाण्यातून पुढच्या ३१ जुलैपर्यंतची पिण्याची गरज, तेवढ्या महिन्यांचं बाष्पीभवन आणि गाळात अडकणारं पाणी वजा करायचं, पाऊस महिनाभर लांबेल असं धरून आणखी एक महिना वजा करायचा. उरलं तर आवर्तन, म्हणजे शेतीला कालव्याचं पाणी. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ही वजाबाकी फळ्यावर लिहिली, की उपसा मोटारींची वीज कधी तोडायची हा प्रश्न मार्चऐवजी नोव्हेंबरात येतो. तेव्हा नवा ऊस लावायचा की नाही हे शेतकऱ्यालाही ठरवता येतं. मार्चमध्ये त्याचं पीक उभं असतं आणि मोटार बंद करायला गेलेला माणूस पोलीस घेऊनही परत येतो.